उशीवरून दिसणारा समुद्र

“आहो, भिंत दिसायलीय.”

प्रयागबाई हे इतक्या शांतपणे म्हणाल्या, की खोलीतल्या आम्हा कुणालाच ते लगेच उमगलं नाही. फळीवरून उचलून त्यांना पलंगावर ठेवलं, त्याला जेमतेम मिनिट झालं असेल. गाडीचा ड्रायव्हर हात झटकत होता, दत्ताभाऊ फळी कोपऱ्यात उभी करत होते, रोहिणीवहिनी चादरीची सुरकुती काढत होत्या. बाईंचे यजमान वैजनाथराव त्यांच्या मानेखाली हात घालून उशी सारखी करत होते. ते थांबले. मग बायकोच्या गालाला गाल लागेल इतके खाली वाकले आणि तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

“व्हय की,” ते म्हणाले. “भिंतच हाय.”

रोहिणीवहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. समुद्राचा आवाज खोलीत भरून राहिला होता. लाट फुटायची, परत जायची, आणि दोन लाटांच्या मधल्या शांततेत छताचा पंखा तेवढा कुरकुरायचा.

त्या खिडकीतून समुद्र दिसतो असं साऱ्या जगाला सांगणारा फोटो मी काढलेला होता.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. लग्नाचे फोटो काढून काढून विटलो होतो, आणि सुट्टीत राहायला घरं मिळवून देणाऱ्या एका वेबसाइटसाठी काम करायला लागलो होतो. गावोगाव जायचं, लोकांनी राहायला द्यायच्या खोल्यांचे फोटो काढायचे आणि पुण्याला पाठवायचे. आमचे साहेब म्हणायचे, “केदार, लोक घर बुक करत नाहीत, फोटो बुक करतात.” मला ते पटलं होतं. पडदा किती सरकवायचा, टॉवेलची घडी कशी घालायची, भिंतीवरचं कॅलेंडर आधी काढून ठेवायचं, हे सगळं मला झोपेतही जमलं असतं.

दापोलीपासून तासाभरावर, खाडीच्या तोंडाशी खारशेत म्हणून एक वाडी आहे. तिथे चोगल्यांचं घर. दत्ताराम चोगले, म्हणजे दत्ताभाऊ, मासेमारीच्या ट्रॉलरवर होते. दोरखंड ओढायच्या यंत्रात डावा पंजा सापडला आणि समुद्र सुटला. मग त्यांनी आणि त्यांच्या बायकोने, रोहिणीवहिनींनी, घराशेजारी पाहुण्यांसाठी एक खोली बांधली. सप्टेंबरात मी तिचे फोटो काढले. खोली नीटनेटकी होती, पण समुद्राच्या आणि तिच्या मध्ये शेजाऱ्याचा गडगा होता, काळ्या दगडांची कुंपणभिंत, पुरुषभर नाही पण छातीभर उंच. शेजारी मुंबईला. त्याच्या दगडाला हात कोण लावणार? मी स्टुलावर चढलो, कॅमेरा डोक्याच्या वर धरला आणि पलंगाच्या उशाकडून खिडकीचा फोटो घेतला. एवढ्या उंचीवरून गडगा खिडकीच्या चौकटीआड गेला. खाली पांढरी उशी, वर खिडकी, आणि खिडकीभर निळा समुद्र. खोटं काहीच नव्हतं. फक्त तिथून पाहायला माणूस सात फुटांचा लागला असता.

डिसेंबरात दुसऱ्या खोलीचे फोटो काढायला मी परत गेलो, आणि नेमकं त्याच दुपारी बिराजदार पतिपत्नी लातूरहून आले. सीट काढून टाकलेल्या गाडीत, बाई फळीवर आडव्या निजून, चौदा तासांचा प्रवास करून. आठ महिन्यांपूर्वी ओट्यावरून पडून प्रयागबाईंच्या पाठीचे दोन मणके गेले होते. उठून बसायची बंदी, उशी एकच, तीही पातळ. दहा दिवसांनी मुंबईत ऑपरेशन होतं. त्याआधी दोन दिवस समुद्र बघायचा, म्हणून त्या वाट वाकडी करून इथे आल्या होत्या.

रोहिणीवहिनींनी पहिल्यांदा तोंड उघडलं. “काकी, मी तुम्हाला फोनवर विचारायला हवं होतं. तुम्ही आडव्या असणार हे माझ्या ध्यानातच आलं नाही. पैसे परत देते. पाहिजे तर दुसरं घर बघून देते.”

“पैसे नकोत,” बाई म्हणाल्या. “दुसरं घरबी नको. मला पलंगावरून समुद्र दिसायला पाहिजे. बाकी काही म्हणणं नाही माझं.”

आवाजात चीड नव्हती. बाजारात भाजी निवडताना बाई जशी सांगते, ही नको ती दे, तसं सांगणं होतं. मला मात्र ते हट्टाचं वाटलं. आजारी माणसं एखादी गोष्ट धरून बसतात, तसं.

वहिनी धावत जाऊन कपाटाचा आरसा काढून घेऊन आल्या. दत्ताभाऊ स्टुलावर चढले, चांगल्या हाताने आरसा धरला, पंजा गेलेल्या हाताने तो खालून तोलला आणि हळूहळू कलता केला. आधी छत आलं, मग पोफळीचे शेंडे आले, आणि मग एकदम, पलंगावर निजलेल्या बाईंच्या डोळ्यांसमोर, थरथरता निळा तुकडा येऊन थांबला. त्याचा कवडसा भिंतीवर नाचायला लागला. क्षणभर सगळी खोलीच पाण्याखाली गेल्यासारखी झाली. आम्ही सगळे त्या हलत्या उजेडाकडे बघत राहिलो.

“असा तर माझ्या फोनमधी आठ महिने होताच की,” प्रयागबाई म्हणाल्या. “उतरा भाऊ, हात दुखंल तुमचा.”

वैजनाथरावांनी स्टूल घेतलं आणि बायकोच्या उशाशी बसले. त्यांची पाठ खिडकीकडे होती. “जाऊ दे गं. आवाज तर यायलाय ना? आपण आवाज ऐकू.”

“काका, तुम्ही तरी पाच मिनिटं किनाऱ्यावर जाऊन या,” वहिनी म्हणाल्या. “मी काकींपाशी बसते. तोवर चहा होतो.”

“नको, नको. ती एकटी कशी राहील?”

“मी आहे ना.”

“तुम्ही आहात ओ. पण नको.”

ते मोठे सालस गृहस्थ होते. नगरपालिकेत पाणी सोडायचं काम केलेलं. गल्लोगल्ली जाऊन लांब लोखंडी चावीनं जमिनीतला व्हॉल्व्ह फिरवायचा, अर्धा तास इकडे, अर्धा तास तिकडे. त्यांच्या गावाला दहा-दहा, पंधरा-पंधरा दिवसांनी पाणी. माणसं रात्रंदिवस त्यांच्याशी भांडली होती आणि ते कुणाशीच भांडले नव्हते. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी दिसलं ते एवढंच, की हा माणूस समुद्रापासून शंभर पावलांवर येऊन त्याच्याकडे पाठ करून बसला आहे.

चार-साडेचारच्या सुमाराला मी माझ्या पिशव्या घ्यायला त्या खोलीत गेलो. ऊन उतरून सोनेरी झालं होतं. वैजनाथराव पलंगाखाली चटईवर गाढ झोपले होते. प्रवासाने माणूस पार गळून गेला होता. त्यांच्या मनगटाला एक सुती दोरी बांधलेली होती आणि तिचं दुसरं टोक बाईंच्या तर्जनीला. बाई जाग्या होत्या.

“ये लेकरा,” त्या कुजबुजल्या. “बस. हळू बोल.”

मी दोरीकडे बघतोय हे त्यांना कळलं. “मला काही लागलं तर ओढती मी. झोपेत हाक ऐकू आली नाही तर काय, म्हणून त्यांनीच बांधली. एप्रिलपासून हाय.”

मी बसलो. विचारलं, “मावशी, हेच घर कसं काय निवडलंत?”

त्यांचा चेहरा उजळला. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारलाच नव्हता असं वाटलं.

“एकशे बेचाळीस घरं बघितली,” त्या म्हणाल्या. “माझी खानावळ होती, सव्वीस वर्षं. क्लासची पोरं जेवायची माझ्याकडं. सुट्टी कशी ती माहीत नाही. मग पडले. छताकडं बघून बघून किती बघायचं? एका पोरानं फोनमधी हे लावून दिलं. मग काय, मी रोज एका घरी राहायला जायची. सकाळी चहा झाला की निघायची.” त्या छताकडे बघून बोलत होत्या, जणू तिथे सगळी घरं ओळीनं लागली होती. “तारकर्लीला गेले, श्रीवर्धनला गेले, केरळात एक घर हाय, पाण्यावरच हाय, तिथं तर चार दिवस ऱ्हायले. कुणाच्या पायऱ्या निसरड्या, कुणाची मालकीणबाई कुरकुरी, मला सगळं ठावं.”

“पण निवडायचं कसं?”

“तारे बघायचे नाहीत. तारे कुणीबी देतं. आधी वाईट लिहिलेलं वाचायचं. माणसाचा राग कशावर निघालाय ते बघायचं. जेवणावर निघालाय का मालकावर, का घरून बायकोशी भांडून आलाय म्हणून निघालाय. मग मालक काय उत्तर देतो ते वाचायचं. ह्या रोहिणीला एकानं लिहिलं होतं, पहाटे कोंबडा ओरडतो, झोपमोड होते. हिनं उत्तर दिलं, कोंबडा खरंच ओरडतो, माफ करा, पण त्याला कापणार नाही.” त्या अंग न हलवता हसल्या. “मी म्हणलं, ही बाई खोटं बोलायची नाही.”

“आणि फोटो?”

“फोटोवर माझा इस्वास नाही. सगळ्या फोटोत फळांची ताटली. फळं खातो कोण तिथं? पण ह्या खोलीचा फोटो निराळा होता. उशीला खड्डा होता रे. मधोमध, डोकं टेकल्यावर पडतो तसा. मी म्हणलं, इथं कुणीतरी निजलंय. निजून समुद्र बघितलाय अन् आत्ताच उठून गेलंय. तो खड्डा बघितला अन् ह्यांना म्हणलं, हेच घर.”

तो खड्डा मला आठवत होता. गप्प बसलो असतो तर कुणालाच काही कळलं नसतं. रोहिणीवहिनींनी तर माझं नावही घेतलं नव्हतं.

“मावशी, तो फोटो मी काढलाय.”

त्यांनी मान न हलवता डोळे माझ्याकडे वळवले.

“स्टुलावर उभा राहून. आणि उशीवर कुणी निजलं नव्हतं. माझी कॅमेऱ्याची पिशवी ठेवली होती मी तिथे. फोटोच्या आधी उचलली. उशी झटकायची राहिली.”

“पिशवी?”

“हो.”

आधी त्यांचे ओठ हलले, मग पोट हलायला लागलं. त्या हसत होत्या. पाठीत कळ येत होती, डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे चाललं होतं, आणि तरी त्या आवाज न करता हसत होत्या. “एकशे बेचाळीस घरं,” त्या कशाबशा म्हणाल्या, “अन् पिशवीनं फशिवलं.”

दोरी हलली. खाली वैजनाथरावांनी झोपेतच “काय गं?” म्हटलं. “काही नाही, झोपा,” बाई म्हणाल्या. ते पुन्हा घोरायला लागले.

हसू ओसरल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. मी त्यांच्या तोंडाशी कान नेला.

“चुकलं म्हणू नकोस. माफीनं काय करू मी? तू फोटो काढलास ना, मग आता खरा करून दे.”

मी बाहेर आलो. दत्ताभाऊ माडाखाली जाळ्याचा गुंता सोडवत बसले होते. आता जाळी नव्हती त्यांना लागत, पण हात बसू देत नव्हते. मी त्यांना सगळं सांगितलं. गडगा उतरवणं शक्य नव्हतं. बाईंना फळीवर किनाऱ्यावर न्यायचं तर मध्ये दगडी उतार आणि भुसभुशीत वाळू. एक पाय घसरला तर संपलंच. ते ऐकत होते आणि जाळ्यातली गाठ बोटांनी चाचपत होते.

“होडी वर ओढली की आम्ही काय करतो?” ते म्हणाले. “टेकू देतो. चार महिने पावसात ती टेकूवर उभी असते. वादळ येतं तरी हलत नाही. पलंग म्हणजे काय मोठं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी, धुकं विरायच्या आत, आम्ही कामाला लागलो. घराच्या मागे दुसऱ्या खोलीचे उरलेले जांभ्याचे चिरे होते. एकेक चिरा म्हणजे लहान मुलाएवढं वजन. ड्रायव्हर आणि मी ते वाहून आणले. बाईंना फळीवर घेऊन ओटीत ठेवलं. तिथं रोहिणीवहिनी त्यांच्या केसांना तेल लावत बसल्या. दत्ताभाऊंनी पलंगाच्या प्रत्येक पायाखाली चिरे रचले, एक थर उभा, एक आडवा, दर थराला हाताने दाबून, कान लावून. कान कशाला, मी विचारलं. “डुगडुगलं तर आधी आवाज येतो,” ते म्हणाले. चार थर झाले. मग त्यांनी होडीचा नायलॉनचा दोर घेतला आणि पलंगाचे चारी पाय खिडकीच्या गजांना आणि दाराच्या चौकटीला असे जखडले, की वैजनाथराव वर चढून बसले, हलून पाहिलं, उडी मारल्यासारखं केलं, तरी पलंग तसूभर सरकला नाही.

मी त्या पलंगावर चढलो आणि उशीवर डोकं टेकलं. तीन महिन्यांपूर्वी जे करायला हवं होतं ते तेव्हा केलं. गडग्याच्या काळ्या कडेवर, पोफळीच्या दोन खोडांच्या मध्ये, समुद्र होता. माझ्या फोटोएवढा नव्हता. हातभर रुंदीचा पट्टा होता, आणि सकाळच्या उन्हात तो निळासुद्धा नव्हता, पातळ चंदेरी होता. पण होता.

मग बाईंना वर घेतलं. दोघं स्टुलांवर, दोघं खाली, फळी हातांवरून हातांवर गेली. टेकल्या. वहिनींनी उशी सरकवली. बाईंनी डोळे मिटून घेतले होते, ते उघडले.

एक होडी त्या पट्ट्यातून डावीकडून उजवीकडे गेली आणि खोडाआड नाहीशी झाली. वाऱ्यानं पडदा फुगून आत आला आणि बसला. बाई बघत होत्या. मी वाट बघत होतो, की त्या आता काहीतरी म्हणतील. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघणारं माणूस म्हणतं तसं काहीतरी.

“बरं,” त्या म्हणाल्या. “दिसला.” आणि लगेच नवऱ्याला, “आता तुम्ही जा.”

“कुठं?”

“पाण्यात जाऊन या.”

“मी कशाला? मला हितनं दिसायलाय की.”

“तुम्हाला पाठमोरं बसून काय दिसायलंय? जा. मी हितनं बघती तुम्हाला. काही लागलं तर ही दोघं हायत. हाक मारायची नाही, काही नाही. तुम्ही मला दिसणार.”

त्यांनी आपल्या तर्जनीला पुन्हा बांधलेली दोरी दाताने सोडली. वैजनाथराव मनगटाला लोंबणाऱ्या त्या दोरीकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी ती गुंडाळून खिशात ठेवली, पायजम्याचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडले आणि गेले. दारातून दोनदा वळून बघितलं.

खिडकीतून ते गडग्याच्या वाटेनं जाताना दिसले, पांढरी टोपी, पांढरा सदरा. मग उतार आला आणि ते गडग्यामागे बुडाले. नुसतं पाणी उरलं.

“दिसंनात,” बाई म्हणाल्या.

“वाळू गडग्याखाली आहे मावशी. पाण्यात गेले की दिसतील.”

लाटा मोजाव्यात तसे आम्ही दोघं तिकडे बघत राहिलो. वहिनी चहा टाकायला गेल्या होत्या. बराच वेळ झाला. बाईंची बोटं चादरीवर चाचपडत होती, दोरी शोधत असल्यासारखी. आणि मग, त्या चंदेरी पट्ट्यात, एक पांढरा ठिपका उगवला. कमरेइतक्या पाण्यात ते उभे होते.

“तेच का?”

“तेच.”

“काय करायलेत?”

“उभे आहेत.”

“नीट बघून सांग. तुझ्याकडं दुर्बीण हाय ना ती.”

मी कॅमेऱ्याला लांबचं भिंग लावलं आणि डोळ्याला लावलं. आधी ते समुद्राकडे तोंड करून उभे होते. दोन्ही हातांनी पाणी उचलत होते, बघत होते, परत सोडत होते. आयुष्यभर अर्धा-अर्धा तास मोजून पाणी देणारा माणूस. मग ते वळले. घराकडे तोंड केलं. त्यांचं तोंड उघडं होतं आणि खांदे गदागदा हलत होते. लाट येऊन छातीवर फुटत होती आणि ते तसेच उभे होते.

मी कॅमेरा खाली घेतला. “पाण्याशी खेळतायत,” मी म्हणालो.

“खरं सांग.”

मी कॅमेऱ्याच्या मागचा पडदा चालू केला आणि त्यांच्या तोंडासमोर धरला. कोपर पलंगाला टेकवलं. त्या लहानशा चौकोनात, पाण्याच्या आणि उन्हाच्या मधोमध, वैजनाथराव रडत होते. आवाज नव्हता. आवाज लाटांचा होता.

बाईंनी पुष्कळ वेळ पाहिलं. माझं बोट बटणावर होतं. “दाबू नकोस,” त्या म्हणाल्या. मी बोट काढलं.

“आमच्या घराला दीड खोली,” त्या बोलू लागल्या, माझ्याशी नाही, त्या पडद्याशी. “आठ महिने ह्या माणसानं माझ्यासमोर तोंड पडू दिलं नाही. हसतमुख. भाकरी जळाली तरी हसतमुख. डॉक्टरनं ऑपरेशनचं काही खरं नाही म्हणून सांगितलं, तरी घरी येऊन मला म्हणले, डॉक्टर खुश हाय. मला ठावं नाही का? पण त्यांनी रडावं कुठं? दोरी बांधलेली. गल्लीत गेले तर माणसं विचारणार, वहिनी कशायत. न्हाणीघराला दार नाही, पडदा हाय.”

लाट आली आणि गेली.

“कोंबड्याच्या खाली आणखी एकानं लिहिलं होतं. पुण्याचा होता कोणतरी. ‘समुद्राचा आवाज इतका मोठा आहे की फोनवर बोललेलं ऐकू येत नाही. शेजारी बसलेल्या माणसाचं ऐकू येत नाही.’ एक तारा दिला होता त्यानं. मी ते तीनदा वाचलं. म्हणलं, सापडलं.”

मी नुसता तो कॅमेरा धरून उभा राहिलो.

“पण पाण्यात गेल्यावर मला ते दिसणार नसतील, तर ते माझ्यापासनं हलायचेच नाहीत. म्हणून पलंगावरून दिसायला पाहिजे होता. मला काय, समुद्र माझा फोनमधी बघून झालाय.” मग थोड्या वेळाने, जरा लाजून, “पण हा बरा हाय. हलतो तरी.”

वैजनाथराव आले तेव्हा चहा निवला होता. सदरा अंगाला चिकटलेला, टोपी हातात पिळलेली, डोळे लाल. खाऱ्या पाण्यानं डोळे लाल होतातच. ते पलंगाशी येऊन उभे राहिले. आता बायकोचं तोंड त्यांच्या छातीच्या उंचीवर होतं, वाकावं लागत नव्हतं.

“एवढं पाणी,” ते म्हणाले, “अन् कुणी भांडायला नाही.”

“गार होतं का?”

“व्हय. जरा.” ते टोपीचं पाणी निथळू देत राहिले. “तुला दिसलो का मी?”

“दिसलात की.”

“काय दिसलं?”

“पाठ दिसली,” प्रयागबाई म्हणाल्या. “नुसती पाठ. दुसरं काय दिसणार एवढ्या लांबून?”

त्यांनी मान डोलावली. मग खिशातली ओली दोरी काढली, पिळली आणि वाळायला खिडकीच्या गजावर टाकली. राहिलेला दीड दिवस ती तिथेच वाळत पडली. त्या दीड दिवसात ते आणखी चारदा समुद्रावर गेले.

ऑपरेशन झालं. बाई त्यातून उठल्या, बसायला लागल्या. चालता मात्र आलं नाही. खुर्चीत बसून त्यांनी खानावळ पुन्हा चालवली. मुंबईला जाताना गाडीत आडवं पडूनच त्यांनी खारशेतच्या घराबद्दल लिहिलं होतं: ‘पलंगावरून समुद्र दिसत नाही, भिंत दिसते. सांगितलं तर पलंग उंच करून देतात. एक तारा भिंतीसाठी कापला आहे.’ रोहिणीवहिनी ते वाचून घाबरल्या होत्या. पण पुढच्या महिन्यापासून माणसं फोन करून विचारायला लागली, ती उंच पलंगाची खोली मोकळी आहे का. आजही विचारतात. मी उशीवर डोकं टेकून नवा फोटो काढून पुण्याला पाठवला होता. भिंत येते म्हणून साहेबांनी तो परत पाठवला. पुढे मी ती नोकरी सोडली. आता लोकांच्या घरांचे फोटो काढतो, पण ते जिथे झोपतात, जिथे बसतात, तिथून.

प्रयागबाई चार वर्षांनी गेल्या. आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात, सहज दोन दिवस खारशेतला गेलो असताना, मला वैजनाथराव भेटले. दरवर्षी येतात असं वहिनींनी सांगितलं. गडग्यावर बसले होते, समुद्राकडे तोंड करून. मी शेजारी बसलो. आम्ही ऑपरेशनचं बोललो, खानावळीचं बोललो, दत्ताभाऊंच्या चिऱ्यांचं बोललो. सूर्य पाण्याला टेकला होता आणि सगळं इतकं संथ झालं होतं, की आपण बोलतोय की नुसतं आठवतोय हे कळत नव्हतं.

“तुम्ही त्या दिवशी तिच्यापाशी होता,” ते एकाएकी म्हणाले. “पहिल्यांदा मी पाण्यात गेलो तवा.”

“हो.”

“तिनं काय सांगितलं मला, आठवतं?”

बाईंनी जे झाकलं होतं, ते उघडं करायचा मला काय अधिकार?

“पाठ दिसली म्हणली,” वैजनाथराव म्हणाले, आणि हसले. समुद्राकडे बघतच हसले. “मी तर वळून खिडकीकडं तोंड करून उभा होतो.”